सोजरबाईंची अक्षरं आणि लाल टॅग

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले खंडू ओव्हाळ निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन गेटपर्यंत सोडलं. गेटवर सिक्युरिटीने रीतसर पिशवी तपासली. पण खंडूभाऊंनी कंपनीतून जी खरी वस्तू बाहेर काढली ती पिशवीत नव्हती, डोक्यात होती. तिचं नाव फाइव्ह एस.

ज्यांनी भोसरी-चाकणच्या कारखानी पट्ट्यात नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाइव्ह एस हा जपानहून आलेला आवराआवरीचा प्रकार आहे. आपल्याकडे हेच काम बायका दिवाळीआधी करतात, पण त्या बोर्ड लावत नाहीत, म्हणून त्यांना सर्टिफिकेट मिळत नाही. यातला पहिला एस असा की जी वस्तू कशासाठी आहे ते कळत नाही, तिला लाल टॅग बांधायचा आणि लाल टॅग विभागात नेऊन ठेवायची. महिनाभरात कुणी मागायला आलं तर द्यायची, नाही आलं तर भंगारात.

मोशीच्या आमच्या सोसायटीत राहायला आल्यावर खंडूभाऊंनी घराला एस लावायला घेतले. झाडू, चपला, पाण्याची बादली, सगळ्यांच्या जागा पिवळ्या पट्टीने आखल्या. डब्यांना लेबलं लागली. बाल्कनीचा एक कोपरा लाल टॅग विभाग म्हणून जाहीर झाला. माझी एक छत्री त्यांच्याकडे राहिली होती, ती मला तिथून सही करून सोडवावी लागली. टॅगवर कारण लिहिलं होतं, 'मालक अस्पष्ट'.

खंडूभाऊंच्या पत्नी सोजरबाई, त्यांच्यावर मात्र या लेबलांचा काही परिणाम झाला नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. चाकणच्या एका कॅंटीनमध्ये त्यांनी उभी हयात चपात्या लाटल्या आणि पगाराच्या कागदावर अंगठा उठवला. 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यातून त्या बिनदिक्कत चहापत्ती काढायच्या. खंडूभाऊ ते बघायचे आणि बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

मग लॉकडाऊन आलं. नात मैत्री तेव्हा कॉलेजात होती आणि कॉलेज घरात होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे खंडूभाऊंच्या मुलाने, संघर्षने, कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून एक जुना लॅपटॉप आणून दिला. तो चालू केला की गिरणीसारखा आवाज करायचा, म्हणून मैत्रीने त्यातलं सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. लॅपटॉप गप्प झाला.

"हे कुठल्या कंपनीचं?" खंडूभाऊंनी विचारलं.

"कुठल्याच नाही, आबा. जगभरातले लोक मिळून बनवतात. फुकट."

"मग क्वालिटीला जबाबदार कोण?"

या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही, आणि त्यांनी तो मागेही घेतलेला नाही.

याच लॅपटॉपसमोर एक दिवस सोजरबाई लसूण सोलायला येऊन बसल्या, आणि पडद्यावरचं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे त्यांनी पाहिलं. कागदावरचं अक्षर छापणाऱ्याला वाटेल तेवढंच असतं. हे ऐकणारं अक्षर होतं. दुसऱ्या दिवसापासून लसूण संपला तरी त्या तिथेच बसू लागल्या.

पण नुसतं मोठं करून भागेना. अक्षरं पातळ होती, राखाडी होती, कडेने कापसासारखी पिंजलेली होती. "ह्ये आजारी दिसत्यात," सोजरबाई म्हणाल्या. मग मैत्रीने चष्म्याच्या दुकानातल्यासारखं सुरू केलं. आज्जी, हे बरं का ते बरं? आता? आणि आता? अक्षर जाड झालं. कडा धारदार झाल्या. वरची रेघ काळीभोर झाली. जोडाक्षरात एकमेकांच्या अंगावर पडणारे भाग सुटे दिसू लागले. असं कितीतरी दुपारी चाललं, आणि एका दुपारी सोजरबाई मागे टेकून म्हणाल्या, "आता कशी धडधाकट दिसत्यात."

त्या धडधाकट अक्षरांत त्या मैत्रीकडून वाचायला शिकल्या. वाचायला आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे घरातली सगळी लेबलं वाचून काढली. हॉलच्या कोपऱ्यातल्या चटईजवळ भिंतीला एक लेबल होतं, 'सोजर – बसण्याची जागा'. तिथे त्या बराच वेळ थांबल्या. त्या संध्याकाळी खंडूभाऊ माझ्याकडे चहाला आले आणि जेवायची वेळ झाली तरी उठेनात.

असो. आता या वर्षीची गोष्ट.

आमच्या इथल्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचायला रंगराव. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा आवाज असा की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झालाय असं वाटावं. पुरुष डोळे मिटून ऐकतात, बायका पांढरी पातळं नेसून येतात, ऐकतात आणि शेवटी खीर वाटतात. कित्येक वर्षं असंच चालू होतं. या वर्षी खीर वाटता वाटता सोजरबाई म्हणाल्या, "रंगराव, एक दिस मी वाचू का?"

खिरीच्या वाट्या जिथल्या तिथे थांबल्या.

"वाचता येतं?" रंगरावांनी विचारलं.

"येतं."

"जोडाक्षरं?"

"गाळत न्हाई."

"बघा हं. चार लोक असतात. अडखळलात तर मध्येच कुणी हसायला नको."

"हसलं तर खीर मिळायची न्हाई," सोजरबाई म्हणाल्या, आणि रविवार ठरला.

मैत्रीने ग्रंथातलं रविवारचं प्रकरण लॅपटॉपवर घालून दिलं. रोज दुपारी शेजारच्या फ्लॅटमधून सरावाचा आवाज यायचा. मी भिंतीपलीकडे आडवा पडून ऐकायचो. सुरुवातीला प्रत्येक शब्दापुढे गतिरोधक असायचा, मग ते कमी होत गेले. सोजरबाईंनी पांढरं पातळ इस्त्रीला दिलं. कॅंटीनमधल्या जुन्या मैत्रिणींना, पार चिखलीपर्यंत, फोन गेले. "रविवारी या. मी वाचनार हाय." या बायकांनी सोजरबाईंचा अंगठा शाईत बुडताना पाहिलेला होता.

मग गुरुवार आला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. मैत्री आता चाकणच्या एका कंपनीत संगणक विभागात आहे, तिलाही सुट्टी. खंडूभाऊ निवृत्त आहेत, तरी गुरुवारी ते दाढी करत नाहीत, कारण सुट्टी. लॅपटॉपमधलं लिनक्स फार जुनं झालं होतं, त्याला नवीन दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं. मैत्रीने सकाळी अपग्रेड लावलं, दुपारपर्यंत ते झालं, सगळं चालू होतंय एवढं तिने पाहिलं आणि करिष्मा नावाच्या मैत्रिणीबरोबर पिंपळे सौदागरला खरेदीला निघून गेली. सोजरबाई सभागृहाची झाडलोट करायला विहारात गेल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग साखर मागायला गेलो.

सोजरबाई 'बसण्याची जागा'वर बसल्या होत्या. समोर लॅपटॉप होता, मिटलेला.

"काय वहिनी, आज सुट्टी?"

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मला वाचायचं इसरलं."

मी लॅपटॉप उघडला. मजकूर तोच होता, अक्षरंही मोठीच होती. पण ती अशी दिसत होती की कुणीतरी त्यांना रात्रभर पाण्यात भिजत घातलं असावं. पातळ, फिकी, कडेने पिंजलेली. जोडाक्षरांचे गोळे झाले होते. मला वाचता आलं, पण मला काय, मी सवयीने वाचतो. निम्मे शब्द न बघताच पुढे जातो. सोजरबाई एकेका अक्षराला ओळखून पुढे जातात. ओळखीच्या माणसांच्या घरात जावं आणि दार भलत्याच माणसांनी उघडावं, तसं त्यांचं झालं होतं.

"वहिनी, तुम्ही नाही विसरलात. अक्षरं बिघडलीत."

"येकदम सगळी कशी बिघडतील? डोस्कं येकच हाय, ते बिघडलं आसंल." त्यांनी लॅपटॉप परत मिटला. "रंगरावांना सांगून ठिवते. त्यांचंच बरं हाय."

"ग्रंथाचं पुस्तक आहे की. त्यातून वाचा."

"बघितलं. मुंगीएवढं हाय. आन त्या मुंग्याबी माझ्या वळखीच्या न्हाईत."

एवढ्यात खंडूभाऊ आतून आले. "मी सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "चालू मशिनला हात लावू नये. अपग्रेड का केलं? लाइन बंद व्हती का? न्हाई. मालाला रिजेक्शन व्हतं का? न्हाई. मग?" त्यांनी तिथूनच चाकणला मैत्रीला फोन लावला आणि तिच्या कंपनीच्या वेळेत तिचं ऑडिट घेतलं.

संध्याकाळी मैत्री बसमधून उतरली ती सरळ लॅपटॉपसमोर बसली. तिला खात्री होती की हे पाच मिनिटांचं काम आहे. अपग्रेडनंतर फॉन्टची सेटिंग्ज बदलतात, परत लावायची. तिने सेटिंग्ज उघडली. कडा मऊ करायच्या की कडक, अक्षराला थोडं आवळायचं की पूर्ण, असे तिथे बरेच खटके होते. ती एकेक खटका दाबायची आणि म्हणायची, "आज्जी, आता?"

"नॉट ओके," सोजरबाई म्हणायच्या. हा शब्द त्यांनी नवऱ्याकडून घेतला होता.

"आता?"

"नॉट ओके."

"आणि हे?"

"ह्ये मघाशी दाखवलंस."

मैत्रीने इंटरनेटवर विचारलं. तिथे याच विषयावर लोक वर्षानुवर्षं भांडत होते. एक जण म्हणत होता की जुनी अक्षरं खराब होती आणि नवीन उत्तम आहेत, तुमचे डोळे बदला. दुसऱ्याने पहिल्याला मूर्ख म्हटलं होतं. तिसऱ्याने, नवीन मॉनिटर घ्या, असा सल्ला दिला होता. हे सगळं मैत्रीने मराठीत सांगितल्यावर सोजरबाई म्हणाल्या, "सोसायटीची मिटिंग हाय जनू."

त्या हसल्या खऱ्या, पण उठताना त्यांनी खुंटीवरचं इस्त्री केलेलं पातळ काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. मैत्रीने ते पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा खटके दाबायला लागली.

"मैत्रे, मूळ सेटिंग काय होतं ते लिहून नाही का ठेवलंस?" मी विचारलं.

"काका, मी तेव्हा कॉलेजात होते. आज्जी हो म्हणेपर्यंत दाबत गेले. हो म्हणाली तिथे थांबले. कुठे काय दाबलं ते आता कुणाला आठवतंय?"

शनिवारी मैत्रीने रजा टाकली. सकाळी खंडूभाऊंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हॉलमध्ये एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर एरवी दुधाचा हिशेब असतो, तो पुसून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'क्वालिटी सर्कल. विषय: अक्षर'.

"बसा राव. कंपनीत प्रॉब्लेम आला की आम्ही असंच गोल बसून सोडवायचो. तुम्ही बाहेरचे ऑडिटर."

"आणि मैत्री?"

"ज्या डिपार्टमेंटमधून प्रॉब्लेम आला ते डिपार्टमेंट."

"वहिनी?"

"कस्टमर," खंडूभाऊ म्हणाले. कस्टमर लसूण सोलत होती. "आता वाय-वाय करायचं. पाच वेळा 'का' इचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतंच. मी कंपनीत असताना आमच्या सर्कलला यात दुसरा नंबर मिळाला व्हता."

त्यांनी बोर्डावर लिहिलं, 'अक्षर का बिघडलं?' आणि कुणी बोलायच्या आत खाली उत्तरही लिहिलं, 'अपग्रेडमुळे'. अपग्रेडखाली रेघ मारली.

"थांबा आबा," मैत्री म्हणाली. "मला एक सापडलंय. कॉलेजातले जुने मेसेज काढले मी. करिष्माला तेव्हा लिहिलं होतं की आज्जीसाठी फॉन्टची एक फाइल बनवली, मस्त चाललीय. म्हणजे मी खटके दाबलेच नव्हते. फाइल होती. तिच्यात सगळं लिहिलेलं होतं, किती जाड, किती कडक, कुठला फॉन्ट."

"मग वापर की ती फाइल."

"ती जागेवर नाही."

"का?" खंडूभाऊ खुशीत आले. दुसरा 'का' आपोआप मिळाला होता. त्यांनी लिहिलं, 'फाइल जागेवर नाही'. "जागेवर का न्हाई? अपग्रेडनं उडवली."

"अपग्रेड माणसाच्या स्वतःच्या फोल्डरला हात लावत नाही, आबा. ते सिस्टिमच्या फाइली बदलतं. ही घरातली फाइल होती. घरातल्या कुणीतरी हलवली असणार."

"का?" म्हणत खंडूभाऊंनी तेही लिहून काढलं. "कधी हलवली?"

"गुरुवारी. अपग्रेडनंतर, संध्याकाळी. त्या फोल्डरवर वेळ पडलेली आहे."

खंडूभाऊ आता ऐन रंगात होते. मार्कर हातात घेऊन ते आमच्यासमोरून फिरायला लागले. "गुरुवारी संध्याकाळी तू कुठं व्हतीस?"

"पिंपळे सौदागरला. करिष्माला विचारा."

"संघर्ष?"

"पप्पा सेकंड शिफ्टला. त्यांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी नसते."

"सोजर?"

"इहारात झाडत व्हते. रंगराव साक्षीला हायेत."

"राव, तुम्ही?"

"मी माझ्या घरी टीव्ही पाहत होतो," मी म्हणालो. "कंटाळवाणं होतं, पण पाहत होतो."

"म्हंजे गुरुवारी संध्याकाळी या लॅपटॉपपाशी," खंडूभाऊ बोर्डाकडे वळून लिहू लागले, आणि थांबले. पाठमोरेच उभे राहिले. त्यांनी मार्करचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. सोजरबाईंचं लसूण सोलणं थांबलं.

"एक पॉसिबिलिटी हाय," ते भिंतीला म्हणाले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नवीन लाइन बसली की आधी तिचं फाइव्ह एस करतात. त्याप्रमाणे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी मोकळ्या वेळात लॅपटॉपचं केलं. एरवी सेटिंगच्या अशा फाइली लपलेल्या असतात, पण अपग्रेडच्या गडबडीत त्या दिसाव्यात अशी खूण मैत्रीने करून ठेवली होती आणि काढायची राहिली होती. खंडूभाऊंना बऱ्याच फाइली अशा दिसल्या की ज्यांच्या नावाआधी नुसतं टिंब होतं. धड नाव नाही, चित्र नाही. एक उघडून पाहिली तर आत सगळे इंग्रजी कंस.

"मालक अस्पष्ट," मी म्हणालो.

"बरोबर," खंडूभाऊ म्हणाले. आपल्याला समजून घेणारं कुणीतरी आहे याचा त्यांना आधार वाटला.

"टाकून दिलं?" सोजरबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. म्हणूनच मी खुर्ची जरा मागे घेतली.

"टाकून?" खंडूभाऊ दुखावले. "महिनाभर ठिवायचा नियम हाय. मी काय नवीन मानूस हाय?"

मैत्रीने लॅपटॉप पुढे ओढला. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये, विजेच्या बिलांच्या शेजारी, एक नवीन फोल्डर होतं. नाव 'लाल टॅग विभाग'. आत टिंबवाल्या फाइली रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांत आज्जीच्या अक्षरांची फाइलही होती, जशीच्या तशी.

मैत्री ती उचलणार तेवढ्यात खंडूभाऊ म्हणाले, "एक मिनिट. टॅगची वस्तू सोडवायला डिपार्टमेंटच्या प्रमुखाची सही लागते."

सोजरबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

"ती नंतर केली तरी चालती," ते म्हणाले.

मैत्रीने सगळ्या टिंबवाल्यांना आपापल्या घरी सोडलं. ग्रंथ बंद केला आणि पुन्हा उघडला. अक्षरं आली. काळी, जाड, सुटी, आपापल्या पायावर उभी. सोजरबाई चष्मा लावून पुढे सरकल्या. त्यांनी पहिली ओळ बघितली, दुसरी बघितली. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"जवळजवळ," त्या म्हणाल्या.

"जवळजवळ म्हणजे, आज्जी?"

"कडंला निळं दिसतंय. लई बारीक. आदी नव्हतं."

मैत्रीने नाक पडद्याला लावलं. मीही लावलं. मला काही दिसलं नाही. मैत्रीला दिसलं. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून तिच्यात रंगीत ठिपके मिसळायची एक पद्धत असते. ते एक सेटिंग खरोखरच अपग्रेडने बदललं होतं. तिने एकच खटका दाबला.

"ओके," सोजरबाई म्हणाल्या.

खंडूभाऊंनी टुणकन उठून मार्कर घेतला. "म्हंजे अपग्रेडचीबी चूक हाय," ते म्हणाले, आणि बोर्डावर शेवटी लिहिलं, 'मूळ कारण: अपग्रेड (निळा रंग)'. त्याखाली दोन रेघा मारल्या. बाकीच्या ओळी त्यांनी पुसायला घेतल्या, तेव्हा बाहेरचा ऑडिटर म्हणून मला हरकत घ्यावी लागली.

सोजरबाई मात्र उठून बाल्कनीत गेल्या आणि एक कोरा लाल टॅग घेऊन आल्या. खाली बसून त्यांनी तो लिहिला. त्यांचं अक्षर मी पहिल्यांदाच बघत होतो. प्रत्येक अक्षर त्या दोनदा गिरवत होत्या, पडद्यावरच्याइतकं जाड होईपर्यंत. वस्तूचं नाव: खंडू. कारण: लॅपटॉपला हात लावतो. मग तो टॅग त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याच्या गुंडीला बांधला.

"ह्ये कवापर्यंत?" खंडूभाऊंनी विचारलं.

"म्हयनाभर ठिवायचा नियम हाय," सोजरबाई म्हणाल्या, आणि कपाटातून पातळ काढून परत खुंटीला लावलं.

रविवारी विहार भरला होता. चिखलीहून कॅंटीनच्या बायका आल्या होत्या, पहिल्या रांगेत, हात बांधून, परीक्षा घ्यायला आल्यासारख्या. वंदना झाली. बुटक्या टेबलावर लॅपटॉप ठेवला गेला. रंगराव शेजारी ग्रंथाचं पुस्तक उघडून बसले, अडखळल्या तर सांगायला.

सोजरबाईंनी वाचायला सुरुवात केली. आवाज पहिल्या दोन ओळी कापत होता. तिसऱ्या ओळीला तो त्यांचा झाला. कॅंटीनमध्ये एका तव्यावरून दुसऱ्या तव्याला सांगायला लागतो तसा, मोठा आणि सरळ. मध्ये एक भलं दांडगं जोडाक्षर आलं. त्या थांबल्या. रंगराव सांगायला पुढे झुकले. सोजरबाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि शब्द अख्खा उचलून पुढे ठेवला. पहिल्या रांगेत कुणीतरी बांधलेले हात सोडले.

माझं लक्ष रंगरावांकडे गेलं. सोजरबाई तीन पानं पुढे गेल्या होत्या, पण रंगरावांनी पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं. हळूहळू ते बसल्या जागेवरून सरकायला लागले. आधी थोडे, मग बरेच. शेवटी ते सोजरबाईंच्या मागे येऊन बसले, मान उंच करून पडद्याकडे बघत. त्यांचे ओठ हलत होते.

वाचन संपलं. कॅंटीनमधल्या एका बाईने सोजरबाईंचा उजवा अंगठा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "पांढरा पडला की गं." सगळ्या हसल्या. खीर वाटली गेली. रंगराव वाटी घेऊन घुटमळत राहिले, गर्दी पांगल्यावर जवळ आले.

"अक्षरं बरी दिसतात यात," ते म्हणाले.

"नातीनं केलीत."

"पुस्तकातली मला..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. कचेरीतला सूर पार गेला होता. "दोन वर्षं झाली, पुस्तकातली नीट दिसत नाहीत. निम्मं पाठ आहे म्हणून चालतंय. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, मला धीर होत नाही. उद्या हा लॅपटॉप ठेवून जाता का?"

सोजरबाईंनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला लावली.

"लॅपटॉप येकटा कुठं जात न्हाई, रंगराव. माझ्यासंगं येतो."

रंगरावांनी वाटीतली खीर ढवळली.

"उद्या या मग," ते म्हणाले. "एक पान तुम्ही, एक पान मी."

"आन डॉक्टरकडं बुधवारी. मी येते संगं."

खंडूभाऊ दाराशी उभे होते. वाचन चालू असताना त्यांनी सगळ्यांत मागे बसून, दर पानाला मान हलवून, मनातल्या मनात ओके दिलेलं मी पाहिलं होतं. गुंडीला टॅग होताच, फक्त त्यांनी तो सदऱ्याच्या आत सारला होता. सोजरबाई जवळ आल्यावर त्यांनी तो बाहेर काढला आणि खिशातलं पेन पुढे केलं.

"प्रमुखाची सही," ते म्हणाले. "झाली तर बरं."

सोजरबाईंनी टॅग हातात घेऊन वाचला, मन लावून, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलाय.

"म्हयना न्हाई झाला अजून," त्या म्हणाल्या, आणि पिशवी त्यांच्या हातात देऊन चपला घालायला गेल्या.